चार चिंचोके आणि शेहेचाळीस पानं

वही ४६ पानांची. मोबाइलवर टाइप केलेली, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बांधून आणलेली. लिहिणारा माझा जुना विद्यार्थी. हल्ली तो एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाण्याच्या बॅगा आणि फवारणीची औषधं विकतो, आणि गिऱ्हाईक नसलं की खेळ लिहितो. "सर, लाल पेन घेऊनच वाचा," असं बजावून त्याने वही हातात दिली. मी वाचली, पेन चालवलं, आणि मग २०२५ च्या तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण) यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा रस्त्यावरच्या त्याच्या गावी जाऊन तो खेळ पूर्ण खेळलो. वाचताना सापडलेले दोष आणि खेळताना सापडलेले दोष वेगवेगळे निघाले. एका ठिकाणी तर माझंच लाल पेन चुकलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रोलप्लेइंग खेळात चार-सहा जण गोल करून बसतात, प्रत्येक जण एका माणसाचं सोंग घेतो, एक जण गोष्ट पुढे नेतो, आणि "हे जमेल की नाही" असा पेच आला की फासे टाकतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून याची छापील परंपरा सुरू होते. तिचं मूळ युद्धाच्या खेळांत आहे, त्यामुळे मारामारीच्या नियमांनीच पानं भरलेली पुस्तकं आजही निघतात. आमच्या पोराने मात्र तलवार बाजूला ठेवली आणि डवरा, म्हणजे पिकातलं तण काढायचं अवजार, घेतला. त्याच्या खेळात एका गावाचं कापसाचं एक वर्ष आहे. प्रत्येक खेळाडूकडे एक घर. पेरणी, डवरणी, पोळा, फवारणी, वेचा आणि हिशेब अशा सहा फेऱ्या. प्रत्येक घराचे चार गुण: अंग, डोकं, जीभ आणि पत. आणि फाशाऐवजी चार फोडलेले चिंचोके, आतून पांढरे आणि बाहेरून काळे. "वीस बाजूंचा फासा पांढरकवड्यात कुठं भेटते सर? चिंचोके घरोघरी हायेत," हा त्याचा युक्तिवाद. मला तो पटला होता, अजूनही पटतो.

वाचताना

पहिली नऊ पानं प्रस्तावनेची. त्यात बळीराजाचा आक्रोश आहे, भेगाळलेली धरणी आहे, "तद्वतच" आहे आणि "किंबहुना" तर तीन वेळा आहे. बोलताना "मले काहून विचारून रायले" म्हणणारा हा मुलगा लिहायला बसला की व्याख्यानमालेच्या स्टेजवर चढतो. मी समासात लिहिलं: हे तू कुणासाठी लिहितो आहेस? खेळायला बसणाऱ्यांना कापूस माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनाही आक्रोशाने तो कळणार नाही. "औषधाचा डबा उघडला की आधी वारा कुठून येतो ते पाहायचं," हे फवारणीच्या फेरीतलं त्याचं एक वाक्य त्या नऊ पानांपेक्षा जास्त सांगतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. ते वर्ष पाहिलेल्या वाचकाला या एका वाक्यावर थांबावंसं वाटतं. असं वाक्य सत्ताविसाव्या पानावर आणि "तद्वतच" दुसऱ्या पानावर, ही त्या वहीची पहिली अडचण.

दुसरी अडचण शब्दांची. एकाच गोष्टीला तो कुठे "फेरी" म्हणतो, कुठे "डाव", कुठे "पाळी", कुठे "हंगाम". निबंधात शब्द बदलले की मास्तर खूश होतात, पण नियमात शब्द बदलला की खेळाडूला वाटतं ही गोष्टच वेगळी. "प्रत्येक डावात एकदा उसने घेता येते आणि पाळी संपल्यावर परत करावे लागते." म्हणजे नक्की केव्हा? याचं उत्तर बावीसाव्या पानावरून एक मिळतं आणि एकतिसाव्यावरून दुसरंच.

"पात्र" या शब्दाने तर कळसच केला. खेळाडू ज्याचं सोंग घेतो त्या माणसाला त्याने वहीभर "पात्र" म्हटलं आहे. पुढे शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र ठरतं, त्याचाही नियम आहे. त्यामुळे अडतिसाव्या पानावर हे वाक्य अवतरतं: "पात्र अपात्र ठरल्यास पात्राच्या कुटुंबाने पात्रतेसाठी पुन्हा चिंचोके टाकावेत." मी हसलो. नंतर खेळताना बारावीतल्या पोराने गंभीरपणे विचारलं, "यातलं कोणतं पात्र मेलं?" तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

बाकीचे दोष पटापट सांगतो. "गावातल्या घटना" या कोष्टकात ३६ ओळी आहेत. दोन साध्या फाशांचं ते कोष्टक कुठल्यातरी इंग्रजी खेळावरून उचललेलं. वहीत फासेच नाहीत, मग त्यातली ओळ निवडायची कशी? हिशेबाच्या फेरीत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये छापलेला, म्हणजे २०२४-२५ चा. आम्ही खेळायला बसलो तोवर पुढच्या हंगामासाठी ८,११० जाहीर होऊन तीन महिने होत आले होते. जो आकडा सरकार दरवर्षी बदलतं तो वहीत गोंदायचा कशाला? जागा रिकामी ठेव, खेळणारे भरतील.

झडतीच्या, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या टोमणेबाज कवनाच्या, नियमाविषयी मी काय लिहिलं तेही सांगायला हवं. पोळ्याच्या फेरीत प्रत्येकाने एक झडती म्हणायची आणि चांगली असली तर एक चिंचोका बक्षीस, असा नियम होता. मी त्यावर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: कृत्रिम वाटतं, लोक लाजतील, काढ.

खेळताना

जागा म्हणजे निवृत्त गुरुजींची ओसरी. बसलेले पाच जण: गुरुजी स्वतः, खेळ लिहिणाऱ्याचा ट्रॅक्टर चालवणारा चुलतभाऊ, अंगणवाडीत सेविका असलेली त्याची वहिनी, शेजारचा बारावीतला पोरगा आणि मी. खेळ चालवायला तो स्वतः. बाहेर लहान पोरं लाकडी बैल ओढत बोजारा मागत फिरत होती, त्यामुळे दर दहा मिनिटांनी कुणीतरी उठून पाच-दहा रुपये देऊन येत होतं.

खेळ चालवणाऱ्याला वहीत "मालक" म्हटलं आहे. पहिल्याच फेरीत त्याचा परिणाम दिसला. चुलतभाऊ त्याला एरवी "अबे" म्हणून हाक मारतो. तोच म्हणाला, "मालक, मी सोसायटीत जाऊ काय?" वहिनी दिराला विचारते आहे, "मालक, पेरू का थांबू?" नियमात तसं विचारा असं कुठेही लिहिलेलं नाही. एका शब्दाने माणसं अंग चोरून बसली. जो खेळ "तुम्ही गोष्ट सांगा" म्हणतो त्यात सगळे परवानगी मागत होते. हा दोष मला वाचताना दिसला नव्हता. कागदावर "मालक" हे निव्वळ एक पद वाटलं होतं.

मग चिंचोके. नियम असा: सोप्या कामाला एक पांढरा पडावा लागतो, अवघड कामाला दोन, महाकठीण कामाला तीन. लिहिणाऱ्याला वाटत होतं की पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत. चिंचोका दोन्ही बाजूंना सारखाच पडतो असं धरलं तर चार चिंचोके १६ प्रकारे पडतात. त्यातल्या १५ प्रकारांत निदान एक पांढरा असतो, ११ प्रकारांत दोन किंवा जास्त, आणि फक्त ५ प्रकारांत तीन किंवा जास्त. म्हणजे शंभरात अंदाजे ९४, ६९ आणि ३१. पहिली पायरी ओट्याएवढी आणि दुसरी भिंतीएवढी. शिवाय फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते, त्यामुळे हे गणितही तंतोतंत लागू होत नाही; किती घासला आहे त्यावर त्याचा कल ठरतो. मी सुचवलं की वहीत टक्केवारी छापू नकोस, "खेळाआधी आपले चिंचोके शंभर वेळा टाकून पाहा" एवढंच लिही. त्या निमित्ताने माणसं बसतात तरी.

पण खरा घोळ गणिताचा नव्हताच. फवारणीच्या फेरीत पोराने चिंचोके टाकले आणि चारही काळे पडले. वहीप्रमाणे हा "सत्यानाश", सगळ्यात वाईट दान. पोरगा मात्र टाळी वाजवून ओरडला, "आठ! आठ पडले! अजून एक डाव!" गुरुजीही खुलले. ज्यांनी लहानपणी ओसरीवर खडूने घरं आखून चंगाष्टा खेळला आहे, त्यांच्या हाताला चार काळे म्हणजे आठ हे पक्कं माहीत असतं. आठ म्हणजे सर्वात मोठं दान, वर पुन्हा टाकायची संधी. लिहिणाऱ्याने आजीच्या डब्यातून चिंचोके घेतले, पण आजीचा नियम तिथेच ठेवून आला. पाच जणांचे चेहरे फुलले होते आणि मालक सांगत होते की तुमचं पीक गेलं. ही अडचण "नीट वाचून घ्या" असं लिहून सुटणारी नाही. हाताला लागलेली सवय वहीपेक्षा जुनी आहे.

यावर आम्ही तिथेच डोकं चालवलं. २०१० मध्ये आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने दोन फाशांच्या बेरजेत ७ ते ९ अशी एक मधली पायरी रूढ केली: काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. चार चिंचोक्यांत ती आयतीच आहे. तीन किंवा चार पांढरे (१६ पैकी ५ प्रकार) म्हणजे काम फत्ते. दोन पांढरे (६ प्रकार) म्हणजे काम होतं, पण उधारी होते, भांडण होतं, किंवा एक दिवस जातो. एक पांढरा (४ प्रकार) म्हणजे नाही. आणि चारही काळे, तो उरलेला एक प्रकार, म्हणजे आठ: गोष्ट उलटते आणि पुन्हा टाकायला मिळतं. सोपं-अवघड-महाकठीण ही भानगडच संपली. फक्त एक कुंपण लागेल: आठ मोजायचा तर हातात पूर्ण चार चिंचोके हवेत. कारण पत घसरून दोनच उरले असतील तर दोन्ही काळे पडायची शक्यता चारात एक, म्हणजे ज्याची पत बुडाली त्यालाच सारखे आठ पडत राहतील.

पत घसरण्याचा नियम इथेच सांगतो, कारण सगळ्यात मोठा वाद त्यावर झाला. फेडता न आलेल्या प्रत्येक देण्याला हातातला एक चिंचोका जातो. चार असताना दोन पांढरे पडायची शक्यता ६९ टक्के, तीन असताना ५०, दोन असताना २५. हरलात की चिंचोका जातो, चिंचोका गेला की आणखी हरता. खेळ लिहिणाऱ्यांत अशा घसरगुंडीला दोष मानतात आणि मीही समासात तसंच लिहिलं होतं. त्याने फोनवर विचारलं होतं, "सर, मग कर्ज कसं असते?" बरोबर आहे. कर्जावरच्या खेळात माणूस गाळात रुतलाच पाहिजे. पण ओसरीवर काय झालं? वहिनीचं घर डवरणीतच दोन चिंचोक्यांवर आलं. पुढचा दीड तास ती हरत होती, एवढंच नाही. तिला ठरवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. टाकायचं, जायचं, पुन्हा टाकायचं. तिचं लक्ष बाहेरच्या लाकडी बैलांकडे गेलं. रुतणं खरं असेल, पण रुतलेला माणूस बसल्या जागी काय करतो, कुणाला हाक मारतो, काय विकतो, कुणापासून तोंड लपवतो, यातलं काहीच नियमात नव्हतं.

गंमत अशी की प्रस्तावनेच्या तिसऱ्या पानावर सावडीवर एक सुंदर परिच्छेद आहे. एकमेकांच्या वावरात जाऊन काम करणं, आज माझं, उद्या तुझं. नियमांच्या भागात मात्र सावड हा शब्द एकदाही येत नाही. प्रत्येक घर आपले क्विंटल मोजतं आणि शेवटी जास्त क्विंटलवाला जिंकतो. म्हणजे प्रस्तावना म्हणते एकत्र या, आणि गुणांची वही म्हणते आपलं आपलं पाहा. खेळणारी माणसं गुणांच्या वहीचं ऐकतात. कुणीही कुणाला मदत केली नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

चौथी फेरी संपत आली तेव्हा वहिनीने उरलेले दोन चिंचोके मुठीत घेतले. ट्रॅक्टरवाल्या चुलतभावाने काही न बोलता आपला एक चिंचोका तिच्या मुठीत सरकवला.

"नियमात नाही थे," मालक म्हणाले.

"नसन तर लिवून टाक नं बे."

त्या संध्याकाळी "मालक"चा "बे" झाला तो तिथे. मी लगेच टिपून घेतलं: आपला एक चिंचोका दुसऱ्याच्या दानाला देता येतो, पुढच्या आपल्या दानाला तो नसतो, आणि ज्याने घेतला त्याच्या घराच्या कागदावर देणाऱ्याचं नाव लिहायचं. परत करायची सक्ती नाही. नाव मात्र पुसायचं नाही. गुरुजी म्हणाले, सक्ती नसली तरच ती सावड, नाहीतर रोजंदारी.

झडतीचं राहिलं. मी जो नियम कापला होता तो त्याने न कापता तसाच खेळवला. त्याच आठवड्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं होतं आणि ओसरीवर खेळाआधी अर्धा तास तीच चर्चा चालली होती. पोळ्याच्या फेरीत गुरुजी उभे राहिले, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले:

जहाजानं आली रुई, तिचा कर झाला माफ,
माह्या रुईले इचारे ना कोनी, बैल म्हने बाप रे बाप!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

बाहेरची पोरं लाकडी बैल घेऊन ओसरीच्या पायऱ्यांपर्यंत आली आणि "हर हर महादेव" त्यांनीच दिलं. मग वहिनीने म्हटली, सासूवर. पोराने म्हटली, मोबाइल टॉवरवर. अख्ख्या खेळातली ती सगळ्यात जिवंत दहा मिनिटं होती. लोक लाजतील असं मी माझ्या शहरी खेळांच्या अनुभवावरून ठरवलं होतं; तिथे सोंग घ्यायला माणसं खरंच लाजतात. इथे तोंडाने झडती घडवायची रीत आधीपासून आहे, खेळाने फक्त तिला जागा दिली. दोष उरला तो एवढाच की "चांगली" कोण ठरवणार. वहीत मालक ठरवतो. ओसरीवर ते आवाजाने ठरलं, आणि तेच बरोबर होतं.

अडतिसावं पान

याविषयी जपून लिहितो. वहीत नियम असा होता: देणं दहावर गेलं की "पात्र संपतं", आणि पुढे कुटुंबाला १ लाख रुपयांची सरकारी मदत मिळते का ते चिंचोक्यांनी ठरतं. माझ्या मते हा त्या वहीतला सगळ्यात धाडसी विचार आहे. खेळ साधारण माणसाच्या मरणाशी थांबतात. हा मरणानंतरच्या कागदांपर्यंत जातो. पण तो लिहिला आहे अपघातासारखा, एका कोष्टकात कोंबून, गारपीट आणि रोह्याचा (नीलगाईचा) त्रास यांच्या मधल्या ओळीत.

हिशेबाच्या फेरीत पोराचं घर दहावर पोचलं. लिहिणाऱ्याने वाचायला सुरुवात केली आणि पोरगा "पाणी आणतो" म्हणून उठला. बराच वेळ आला नाही. त्यामागचं कारण ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. कुणी ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परदेशी मेजांवर यासाठी 'एक्स कार्ड' ठेवतात: कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आम्ही पाण्याचा गडू मधोमध ठेवला. जो गडू उचलेल त्याने पाणी प्यायचं आणि गोष्ट दुसरीकडे वळवायची. पोरगा परत आला तेव्हा गडू मधोमध पाहून काही बोलला नाही, पण खाली बसला.

नियमातली चूक वहिनीने दाखवली. "भाऊजी, अपात्र हे चिंचोक्यानं नाही ठरत. सातबारा कोणाच्या नावावर हाये, कर्ज बँकेचं हाये का कोणाचं, थे पाह्यतेत." तिने शेजारच्या घरासाठी ते कागद जमवून दिले आहेत. मक्त्याने शेती करणारा आणि बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेणारा इथेच गळतो, आणि तो का गळतो हे पहिल्या दिवसापासून कागदावर असतं. म्हणजे नियम असा हवा: खेळाच्या सुरुवातीलाच प्रत्येक घराने सातबारा कोणाच्या नावावर ते लिहायचं. प्रत्येक उधारीच्या वेळी ती कोणाकडून घेतली तेही. तेव्हा कुणाला त्यात काही वाटणार नाही. हिशेबाच्या फेरीत चिंचोके बाजूला ठेवायचे आणि तोच कागद वाचायचा. नशीब म्हणून दाखवलेली गोष्ट इथे मुळात नशिबाची नाही, आणि खेळाचा नियम ते जितक्या सहज दाखवू शकतो तितकं प्रस्तावनेची नऊ पानं मिळून दाखवू शकत नाहीत.

दुसरा खर्डा

दिवाळीनंतर नवी फाइल आली, ३१ पानांची. प्रस्तावना एका पानावर आली आहे आणि तिची सुरुवात वारा कुठून येतो ते पाहण्याने होते. "पात्र" सगळीकडून गेलं; आता "सोंग" आहे, दंडार या लोकनाट्यातून घेतलेलं. सहाही ठिकाणी "फेरी". सावडीला स्वतःचं पान मिळालं आहे आणि शेवटी क्विंटलबरोबर कागदावरची नावंही मोजतात. आठ म्हणजे आठच.

"मालक" मात्र त्याने ठेवला. मी पुन्हा कापला, त्याने पुन्हा लिहिला. त्याचं म्हणणं, "त्यांनी परवानगी मागितलीच पायजे सर. ज्या फेरीत थे मागणं बंद करतीन, त्या फेरीत खेळ सुरू होते." मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. चुलतभावासारखा माणूस प्रत्येक ओसरीवर असेलच असं नाही. पण झडतीच्या अनुभवानंतर मी ती रेघ पेन्सिलने मारली आहे.

अडतिसावं पान आता सव्वीसावं झालंय आणि ते कोरं आहे. वर एवढंच लिहिलंय: हे वहिनी सांगणार, मी लिहिणार. ती म्हणते, दुसरा वेचा घरी आला की बसू.